हद्द आणि आवर
(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



आज मी दोनच इंग्रजी शब्दांविषयी बोलणार आहे : 'कन्फाइन' आणि 'रिस्ट्रिक्ट'. शब्दकोशात दोन्हींपुढे 'मर्यादित करणे' हा अर्थ सापडतो, म्हणून मुले एकाच्या जागी दुसरा लिहून जातात. काही वाक्यांत ते खपते, सगळीकडे नाही.

'कन्फाइन'च्या पोटात 'हद्द' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. हद्द आखायची आणि तिच्या आत ठेवायचे. अंथरुणाला खिळलेला रुग्ण 'कन्फाइन्ड टू बेड' असतो. लालबागच्या चाळीत लागलेली आग एकाच खोलीत आटोक्यात राहिली, तर ती 'कन्फाइन्ड टू वन रूम'. 'रिस्ट्रिक्ट'च्या मुळाशी आवळून धरण्याचा अर्थ आहे. परळ-दादरच्या दरम्यान रुळांचे काम निघाले की लोकलच्या वेगावर 'रिस्ट्रिक्शन' येते. गाडी धावत असते, वेग मात्र बेताचा.

विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : प्रश्नात 'कन्फाइन युअर आन्सर टू द पॅसेज' असेल, तर उताऱ्याबाहेर जाऊ नका, 'रिस्ट्रिक्ट युअर आन्सर टू फिफ्टी वर्ड्स' असेल, तर शब्द मोजा.

आता हे दोन्ही शब्द एकाच माणसाच्या आयुष्यात पाहा. २२ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. गिरणगावच्या कामगारांनी निषेधार्थ सहा दिवस हरताळ पाळला. टिळकांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवले. हे झाले 'कन्फाइनमेंट'. तेथे लिहिण्यास शाई नाही, सुटे कागद नाहीत. पाने मोजलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल, एवढेच. हे 'रिस्ट्रिक्शन'. भिंतीपुढे त्यांचा इलाज नव्हता, पण पेन्सिल हातात होती. त्या पेन्सिलीने त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहून काढले.

पालकहो, माझे सांगणे येथेच आहे. मुलांना आवर घालणे हा आपला हक्क आहे आणि कर्तव्यही. दिवेलागणीच्या आत घरी या, अभ्यासाच्या वेळी मोबाईल बाजूला ठेवा, हे जरूर सांगा. त्यात शिक्षण थांबत नाही, उलट त्याला वळण लागते. परंतु 'दहावी झाली, आता घरी बस' हे सांगणे आवर घालण्यात मोडत नाही. ती भिंत आहे. शिक्षक म्हणून मी अशा मुली पाहिल्या आहेत : मार्चपर्यंत पहिल्या बाकावर, आणि जूनमध्ये कोणत्याच हजेरीपटावर नाव नाही. परक्या सरकारने कैद्याच्या हातीही पेन्सिल राहू दिली. आपण तर आईबाप आहोत.

बंधुभगिनींनो, घरी गेल्यावर एकच प्रश्न स्वतःला विचारा : मी माझ्या मुलांना 'रिस्ट्रिक्ट' करतो आहे, की 'कन्फाइन'? उत्तर इंग्रजीत द्यायचे नाही. येत्या जूनमध्ये प्रवेश-अर्जावर सही करून द्यायचे आहे.