पाऊस बिघडला, तिसऱ्यांचं काय?

पाऊस लहरी झाला की हातातोंडाशी आलेलं पीक कसं जातं, हे निलंग्याच्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. कोकणातल्या खाड्यांनाही हीच झळ बसू शकते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात ओहोटी लागली की बायका गुडघाभर पाण्यात उतरून, चिखल चाचपत तिसऱ्या वेचतात. या शिंपल्यांना बेताचा खारटपणा लागतो. चार दिवसांत धो धो पाऊस कोसळला, तर खाडीचं पाणी एकदम गोडं होऊन ते मरतात. शिवाय माणसानं हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यानं पाण्याची आम्लता वाढते आणि पिल्लांना कवच बनवणं जड जातं.

पाऊस आपल्या हाती नाही, पण शिंपले कधी आणि कसे काढायचे, याचं नियोजन आपल्या हाती आहे. केरळच्या अष्टमुडी सरोवरात डिसेंबर ते फेब्रुवारी शिंपले काढणं बंद असतं. 30 मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांचं जाळं चालत नाही. 2014 मध्ये तिथल्या शिंपले-मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय एमएससी प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलंच.

कोकणात गेलात, तर बारीक तिसऱ्या घेऊ नका, मोठ्याच मागा.