चरबी, हृदय आणि तज्ज्ञांची बदलती मते
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मी वक्ता नाही. तालुक्याच्या गावी गेली चाळीस वर्षे दवाखाना चालविणारा एक साधा डॉक्टर आहे. तेव्हा विद्वत्तेच्या गोष्टी माझ्याकडून ऐकावयास मिळणार नाहीत. परंतु या चाळीस वर्षांत एक प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, आज त्याचे उत्तर आपणा सर्वांसमोर द्यावे असे मी ठरविले आहे.

तो प्रश्न असा: "डॉक्टर, तुम्ही लोक आज एक सांगता, उद्या दुसरे सांगता. तूप खाऊ नका म्हणालात, आता थोडे चालेल म्हणता. अंडे विषासारखे होते, आता ते पौष्टिक झाले. करडईचे तेल झाले, सूर्यफुलाचे झाले, मग आम्ही ऐकावे तरी कोणाचे?"

हा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी समजण्याची चूक आपण करू नये. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर न मिळाल्यामुळे काय होते, ते माझ्याच घरात घडले आहे, म्हणून प्रथम ते सांगतो.

माझे चुलते, आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असू, त्यांना साठीच्या सुमारास हृदयविकाराचा झटका आला. ते वाचले. विडी सुटली, रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सुरू झाली आणि मी त्यांना बजावले, "चाचा, अंडे बंद." ते कधी का म्हणून विचारीत नसत आणि मीही कधी कारण सांगितले नाही. पुतण्या डॉक्टर आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. पुढे 2015 साली अमेरिकेच्या आहारविषयक शिफारशींतून आहारातील कोलेस्टेरॉलची दिवसाला 300 मिलिग्रॅम ही मर्यादा काढून टाकण्यात येत असल्याची बातमी वर्तमानपत्रांतून आली. चाचांनी ती वाचली. ते हसून घरच्यांना म्हणाले, "अंडे निर्दोष सुटले, मग गोळी कशाला?" गोळी बंद झाली. मला कोणी कळविले नाही. सव्वा वर्षाने दुसरा झटका आला आणि चाचा गेले.

गोळी चालू असती तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. तसे कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. परंतु त्यांच्या बाजूची एक भिंत त्यांनी स्वतःच्या हाताने पाडली, आणि ती पाडण्याचे कारण आम्हा डॉक्टरांवरचा उडालेला विश्वास हे होते. आहारातील कोलेस्टेरॉल आणि रक्तातील कोलेस्टेरॉल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रक्तातील बरेचसे कोलेस्टेरॉल आपले शरीरच, मुख्यतः यकृत, तयार करते. म्हणून अंड्याविषयीचे मत बदलले, तरी रक्तातील कोलेस्टेरॉलविषयीचे मत बदलले नव्हते. ही दोन वाक्ये मी चाचांना वेळेवर सांगितली नाहीत. दोष मी त्यांना देत नाही.

आता ही मते बदलली कशी, ते थोडक्यात पाहू.

1955 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या काळी त्या देशात चांगली कर्ती माणसे या विकाराने पटापट जात होती आणि कारण कोणास नीट ठाऊक नव्हते. डॉ. अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 1958 पासून सात देशांतील सुमारे पावणेतेरा हजार पुरुषांची पाहणी केली. जेथे लोणी, चीज, मांस यांतील संपृक्त चरबी, म्हणजे थंडीत थिजणारी चरबी, अधिक खाल्ली जाते तेथे हृदयविकार अधिक, असे त्यांना आढळले. 1961 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने अशी चरबी कमी करावी व तिच्या जागी वनस्पतींची तेले वापरावीत, असा सल्ला दिला. 1977 साली तेथील सिनेटच्या समितीने साऱ्या राष्ट्रासाठी आहाराची उद्दिष्टे जाहीर केली.

त्या वेळीही शंका घेणारे होते. आपल्याच देशात रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. मल्होत्रा यांनी 1967 साली रेल्वे कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दुधातुपाचा भरपूर आहार घेणाऱ्या पंजाबातील कर्मचाऱ्यांपेक्षा, चरबी कितीतरी कमी खाणाऱ्या दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू अनेक पटींनी अधिक आढळले. इंग्लंडमध्ये प्रा. युडकिन यांनी 1972 साली साखरेकडे बोट दाखविले. त्यांचे सारेच म्हणणे बरोबर ठरले असे नाही. पण ते पुरेसे ऐकून घेतले गेले नाही, हे खरे. पुढे 2016 साली जुन्या कागदपत्रांवरून असे उघडकीस आले की, 1967 साली चरबीला दोष देणारा आणि साखरेला सांभाळून घेणारा एक लेख हार्वर्डच्या संशोधकांनी लिहिला, त्यासाठी साखर उद्योगाने पैसे दिले होते. तेव्हा लोकांचा संशय अगदीच निराधार आहे, असे कोणी म्हणू नये.

सर्वांत मोठी चूक मात्र निराळीच होती. सारे जण "काय काढावे" हे सांगत राहिले. "त्याच्या जागी काय घालावे" हे लोकांपर्यंत पोहोचलेच नाही. लोकांनी लोणी कमी केले आणि त्या जागी मैद्याची बिस्किटे, साखर, गोड पेये आली. त्याहून वाईट म्हणजे पश्चिमेकडे लोण्याऐवजी घट्ट मार्गारिन आले. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार होते. 1990 साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखविले की ही चरबी रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढविते आणि चांगले कमी करते.

आपल्याकडे हीच वस्तू वनस्पती तूप म्हणून स्वस्तात मिळत असे. आपल्या किती लग्नांच्या जेवणावळी त्या पिवळ्या डब्यांवर उठल्या, ते इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता. साजूक तूप परवडत नव्हते आणि धोका कोणी सांगितला नव्हता. भारतात तेले व वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा पायरीपायरीने उतरवीत 2022 पासून 2 टक्क्यांवर आणण्यात आली.

2006 साली अमेरिकेतील सुमारे 49 हजार स्त्रियांवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यांतील काहींना सुमारे आठ वर्षे एकूण चरबी कमी करण्याचा सल्ला दिला होता. तरी त्यांच्यातील हृदयविकारात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. झाले! "चरबीचा सगळा बागुलबुवाच होता," अशी हाकाटी सुरू झाली. आज मोबाईलवर तूप, लोणी, खोबरेल यांचे गुणगान करणारे संदेश दर आठवड्याला फिरतात, त्यांचे मूळ येथे आहे.

पण मित्रांनो, त्या प्रयोगाने सर्व प्रकारची चरबी एकत्र मोजली होती. चांगली व वाईट यांची एकाच तागडीत बेरीज केली, तर उत्तर शून्याच्या जवळ येणारच. संपृक्त चरबीच्या जागी शेंगदाणा, करडई, सोयाबीन, मोहरी यांसारखी द्रव तेले, सुकामेवा आणि मासे घेतले तर फायदा होतो. तिच्या जागी मैदा आणि साखर घेतली तर होत नाही, असे पुष्कळशा अभ्यासांचे एकत्रित म्हणणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 सालीही हेच सांगितले की, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी संपृक्त चरबीतून 10 टक्क्यांपेक्षा आणि ट्रान्स फॅटमधून 1 टक्क्यापेक्षा अधिक येऊ नयेत.

आणि सल्ला पाळून लाभ झाला, याचेही उदाहरण आहे. फिनलंडच्या उत्तर कारेलिया या भागात हृदयविकाराचे थैमान होते. 1972 पासून तेथील लोकांनी लोणी कमी केले, तेल व भाज्या वाढविल्या, धूम्रपान घटविले, रक्तदाबावर उपचार घेतले. चाळीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. या कामात गृहिणी, दुकानदार, शाळा, सारे गाव सामील झाले होते, हे ध्यानात घ्या.

म्हणजे बदलले काय आणि न बदललेले काय? अंड्याबद्दलचे मत बदलले. "सर्व चरबी वाईट" हे मत बदलले. घट्ट केलेल्या तेलाबद्दलचे मत तर उलटेच झाले. पण विडी-सिगारेट व तंबाखू घातक, वाढलेला रक्तदाब घातक, मधुमेह घातक, रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल घातक, आणि चालणे-फिरणे हितकारक, ही पाच मते अनेक दशके जागेवरून हललेली नाहीत. कोलेस्टेरॉल रक्तातून कसे उचलले जाते हे शोधणाऱ्या ब्राउन व गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले; आणि 1994 साली हृदयरोग्यांवरील मोठ्या प्रयोगात ते कमी करणाऱ्या गोळीने मृत्यू घटतात, हे सिद्ध झाले. चाचांच्या गोळीमागे हा पाया होता.

आता माझ्या भगिनींना चार घरगुती गोष्टी सांगतो. आपला भात, भाकरी आणि माशाचे कालवण यांची लाज बाळगू नका. ते चांगले अन्न आहे. वाटणातला नारळ वेगळा आणि कढईभर खोबरेल तेल वेगळे. त्या तेलात संपृक्त चरबी फार असते. ईदला गोश्त जरूर खावे, पण वरची चरबी काढून टाकावी आणि वर्षभर रोज ईद करू नये. रमजानमध्ये रोज इफ्तारीला तळण असेल, तर ते एक दिवसाआड करून पाहा, आणि एकदा तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. मीठ दिवसाला एका माणसास एका चमचाभराहून, म्हणजे 5 ग्रॅमहून, अधिक नको. आणि घरातील कोणाची गोळी, बातमी वाचून किंवा संदेश पाहून, डॉक्टरला विचारल्यावाचून बंद होऊ देऊ नका.

शेवटी विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. "विज्ञान बदलते, म्हणून ते खोटे," असे म्हणणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. "डॉक्टर म्हणतात, म्हणून ते खरे," असे म्हणणारेही भेटतील. दोघांनाही नम्रपणे चार प्रश्न विचारा. हा शोध सशावर झाला की माणसावर? केवळ पाहणी होती की प्रयोग होता? खर्च कोणी केला? आणि एकच अभ्यास हे सांगतो की अनेक? या चार प्रश्नांची सवय तुम्हाला या शाळेत लागली, तर तुमच्या आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेली फी वसूल झाली असे मी समजेन.

मत बदलणे ही लाजेची गोष्ट नव्हे. चूक कळूनही ती लपविणे, आणि लोकांना कारण न सांगता केवळ हुकूम सोडणे, ही लाजेची गोष्ट आहे. मी माझ्या चाचांशी तेच केले. आज माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक रोग्याला मी गोळीबरोबर तिचे कारणही सांगतो. त्यात पाच मिनिटे अधिक जातात आणि बाहेरची रांग कुरकुरते. कुरकुरू द्या. तुमच्यापैकी जे पुढे डॉक्टर, परिचारिका, शिक्षक होतील, त्यांनी ही पाच मिनिटे खर्च करण्याची तयारी ठेवावी, एवढीच माझी विनंती.