छापील साहसांतल्या मोकळ्या जागा



टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडी गोष्ट रचत खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांची चर्चा निघाली की कौतुक होतं ते स्वतःचं अख्खं जग रचणाऱ्यांचं. विकत घेतलेलं साहस चालवणाऱ्या डीएमकडे, म्हणजे खेळाच्या सूत्रधाराकडे, मात्र लेखक म्हणून कोणी बघत नाही. खरं तर बहुतेक टेबलांवर हाच माणूस बसलेला असतो. पुस्तक उघडं असतं, चार-पाच मित्र भोवती असतात आणि कोणीतरी मधेच विचारतं, "या गावात धान्य कुठून येतं?" पुस्तकात उत्तर नसतं. पुढच्या दोन-तीन मिनिटांत डीएम जे बोलतो ते लेखनच आहे. आजचं हे भाषण त्या लेखनाबद्दल आहे.

त्याची परंपरा या खेळाइतकीच जुनी आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली आला. काही वर्षांतच माइक कार यांनी नवशिक्या डीएमसाठी 'इन सर्च ऑफ द अननोन' लिहिलं. रोगाहन आणि झेलिगर हे दोन वीर मोहिमेवर गेले ते परतलेच नाहीत, आणि त्यांचा क्वास्क्वेटन नावाचा भुयारी गड ओस पडला, अशी त्याची कथा. कार यांनी त्या गडाची स्वयंपाकघरं, शयनगृहं, मांत्रिकाची कामाची खोली असं सगळं बारकाईने लिहिलं. मात्र बहुतेक खोल्यांच्या वर्णनाखाली 'राक्षस' आणि 'खजिना' या शब्दांपुढे कोऱ्या रेघा छापल्या. मागे याद्या दिल्या आणि त्यातून निवडून रेघा भरायचं काम वाचणाऱ्यावर सोपवलं.

गॅरी गायगॅक्स यांच्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स'मध्ये याच्या बरोबर उलट घडतं. गुहांमध्ये कोणता राक्षस कुठे आहे, किती आहेत, त्यांच्याजवळ काय आहे, सगळं भरलेलं. किल्ल्यातल्या माणसांना मात्र नावंच नाहीत. किल्लेदार आहे, लोहार आहे, धर्मगुरू आहे, कर्जाऊ पैसे देणारी पेढीसुद्धा आहे. पण एकालाही नाव नाही. हजारो डीएमांनी ती नावं आपापल्या घरी दिली. त्या किल्ल्यात एक हसतमुख, बोलका पुरोहित राहतो आणि तो गुपचूप शत्रूचा माणूस असतो, एवढं गायगॅक्स सांगतात. तो रात्री कोणाकडे जेवतो, त्याला पैसे कोण पुरवतं, किल्ल्यातल्या कोणत्या घरात त्याचा शब्द मानला जातो, हे त्यांनी सांगितलेलं नाही. भर घालण्यासाठी यापेक्षा चांगली जागा दुसरी कोणती असणार?

याच गायगॅक्स यांनी 1979 साली 'द व्हिलेज ऑफ हॉमलेट' लिहिलं तेव्हा हात सैल सोडला. घरटी माहिती दिली: कोण जुन्या वनधर्माचं, कोण संत कथबर्टच्या देवळात जाणारं, कोणाच्या घरात किती नाणी कुठे लपवलेली. वाचताना हे सगळं एका दमात पचत नाही. तरीही त्यातला एक धागा असा आहे की त्याने पूर्ण गाव चालतं राहतं. गावात दोन श्रद्धा शेजारी-शेजारी नांदतात, आणि जवळच नवा बुरूज बांधला जातोय. एकदा येऊन गेलेलं संकट पुन्हा येणार हे ओळखूनच हा बुरूज उभा राहतोय. कोणत्याही घराचं दार ठोठावलं तरी खेळाडूला या दोन गोष्टींपैकी एक भेटते. लपवलेल्या नाण्यांची नोंद मात्र फक्त चोराच्या कामाची. तपशिलाचं वजन इथे कळतं. ज्याच्यामुळे खेळाडूला काही ठरवावं लागतं, कोणावर विश्वास ठेवायचा, कुठे थांबायचं, काय सोडून द्यायचं, तो तपशील घालण्यासारखा. बाकीचा वहीत राहिला तरी चालतो.

आज मराठी मुलं-मुली पुण्यामुंबईत किंवा परदेशात पहिल्यांदा खेळायला बसतात तेव्हा अनेकदा 2014 च्या स्टार्टर सेटमधलं 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' उघडतात, म्हणून त्याच्यावर थोडं थांबू. खेळाडूंना एक गाडी नेव्हरविंटरहून फॅन्डालिन नावाच्या गावी पोचवायची असते. गाडीत पिठाची पोती, खारवलेल्या मांसाची पिंपं, दारू, कुदळी, फावडी, पहारी, कंदील आणि तेल. वाटेत दोन मेलेले घोडे आणि दबा धरून बसलेले गॉब्लिन. त्यांच्या गुहेत चोरलेल्या मालाच्या पेट्या सापडतात आणि त्यांवर निळ्या सिंहाची खूण असते. गावात गेल्यावर तीच खूण एका व्यापारी कोठीवर दिसते. हा निळा सिंह म्हणजे छापील तपशिलाचा उत्तम नमुना. दोन शब्दांची खूण, पण तिच्यामुळे खेळाडू परत जाऊन माल मालकाला देतो, किंवा गुपचूप विकायचं ठरवतो. दोन्ही बाजूंनी गोष्ट पुढे सरकते.

आता गाडीतल्या कुदळींकडे बघा. पुस्तकाने त्या गाडीत घातल्या आणि पुढे त्यांचं काही केलं नाही. फॅन्डालिन हे पाचेकशे वर्षांपूर्वी ओर्कांनी उद्ध्वस्त केलेल्या जुन्या वस्तीच्या पडक्या पायांवर नुकतंच पुन्हा वसलेलं गाव. ज्या खाणीच्या नावाने हे साहस आहे तिचा पत्ता गावकऱ्यांना माहीत नाही. मग कुदळी कोण घेणार? डोंगरात धातू शोधत भटकणारे लोक. ते सापडलेला माल गावातल्या खाणकऱ्यांच्या अड्ड्यावर वजन करून विकतात, आणि तो अड्डा चालवणाऱ्या बाईचे हेतू सरळ नाहीत, हे पुस्तकातच आहे. एवढं जुळवलं की डीएमला नवी माणसं आणावी लागत नाहीत. एका शोधकऱ्याने उधारीवर कुदळ उचलली आहे. गावात दहशत बसवलेल्या लाल अंगरख्यांच्या गुंडांनी त्याच्याकडून हप्ता घेतला आहे. आता गाडी उशिरा पोचली तर त्याची उधारी वाढते. त्या गाडीला पहिल्या दिवशी झालेला उशीर खेळाडूंना गावात भेटतो, एका माणसाच्या तोंडून.

इथे एका मोहाबद्दल बोलायला हवं. घरचं वाटावं म्हणून फॅन्डालिनमध्ये चावडी आणायची, पाटील आणायचा, वाडा उभा करायचा, हे फार सोपं आहे आणि बहुतेक वेळा त्याने नुकसान होतं. ते गाव उत्तरेतल्या थंड सरहद्दीवरचं, अलीकडे वसलेलं, कोणाचंच वडिलोपार्जित नसलेलं. चावडी आली की पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन, मानपान, भावकी सगळं मागोमाग येतं आणि नव्या वस्तीची ती उघडी, असुरक्षित हवा निघून जाते. आपल्याकडून घ्यायचे ते प्रश्न: पाणी कोणाचं, मीठ कुठून येतं, मेलेल्याला कुठे नेतात, वसुलीला कोण येतं. उत्तरं त्या गावाने द्यावीत.

जिथे साहसाची जागा खरीखुरी असते तिथे ही जबाबदारी वाढते. केऑसियमने 1984 साली काढलेलं 'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप' हे 'कॉल ऑफ कथुलू' या खेळासाठी लॅरी डीटिलिओ आणि लिन विलिस यांनी लिहिलेलं साहस. ते 1925 साली घडतं. न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, शांघाय असा त्याचा प्रवास. 2018 च्या आवृत्तीने सुरुवातीला पेरूचं प्रकरण जोडलं, म्हणजे मूळ लेखनात भर घालायचं काम प्रकाशकालाही करावं लागलं. यातलं केनियाचं प्रकरण मराठी, कोकणी, गुजराती वाचकाने मुद्दाम उघडावं. मोम्बासाहून आत जाणारी रेल्वे बांधायला तीस हजारांहून अधिक हिंदी मजूर नेले होते आणि त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. रुळांच्या मुक्कामावर 1899 मध्ये उभं राहिलेलं ठाणं म्हणजे नैरोबी. तिथल्या रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत गोव्याचे कारकून होते, बाजारात गुजराती दुकानदार होते, कारखान्यांत पंजाबी सुतार-लोहार होते. ए. एम. जीवनजी यांच्या नावाची बाग शहराच्या मध्यावर होती. 1922 मध्ये हॅरी थुकू यांच्या अटकेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. 1923 मध्ये डेव्हनशर श्वेतपत्रिका निघाली आणि उंचावरची सुपीक जमीन गोऱ्यांकडेच राहिली. साहस सुरू होतं त्याच्या फक्त दोन वर्षं आधीची ही गोष्ट.

यातलं सगळं टेबलावर ओतलं तर खेळ थांबून तास सुरू होईल. कीपरने, म्हणजे या खेळातल्या डीएमने, एकच उचलावं: किपांदे. प्रौढ आफ्रिकन पुरुषांना 1920 च्या सुमारापासून हे ओळखपत्र धातूच्या डबीत, बहुधा गळ्यात अडकवून बाळगावं लागे. त्यावर नोकरीची नोंद असे आणि काम संपल्यावर मालकाची सही लागे. सही नसली तर माणूस काम सोडून पळालेला ठरे आणि त्याला शिक्षा होई. आता समजा, तपास करणाऱ्या खेळाडूंनी नैरोबीत एक वाटाड्या कामावर ठेवला. डोंगरावर भयंकर काही घडलं. ते जीव मुठीत धरून गाडीत बसले, मोम्बासाला बोट पकडून शांघायला निघाले. सही राहिली. हा तपशील कोणत्याही राक्षसापेक्षा जास्त वेळ खेळाडूंच्या मनात राहतो, कारण या वेळी अपराध त्यांच्या हातून घडलेला असतो. आणि हा इतिहास आहे, कल्पना नव्हे. रेल्वे कचेरीतला गोव्याचा कारकून ती सही करून द्यायला तयार होईल का, त्याची स्वतःची नोकरी त्यात जाईल का, इथून पुढचं संपूर्ण सेशन उभं राहतं.

कष्ट कुठे घ्यायचे याचा अंदाज कधीकधी पुस्तकच देतं. 2016 च्या 'कर्स ऑफ स्ट्राड'मध्ये भविष्य सांगणारी मादाम ईव्हा पत्ते मांडते आणि तीन वस्तू, एक सोबती आणि शेवटच्या सामन्याची जागा अशा पाच गोष्टी ठरतात. रॅव्हनलॉफ्टच्या गडात खोल्या ढीगभर आहेत. पत्ते उघडले की आपल्या टेबलासाठी कोणत्या महत्त्वाच्या हे कळतं. श्रम तिथेच घालावेत. त्याच पुस्तकात क्रेझ्क गावाचा दरवाजा परक्यांना सहजी उघडत नाही. आधी द्राक्षमळ्यातली वाइन आणा, असं सांगितलं जातं. रक्तपिपासू सरदाराच्या गोष्टीत वाइनचा पुरवठा तुटणं हा एवढा मोठा धागा होऊ शकतो, हे शिकण्यासारखं आहे. पुढे 2020 च्या सुधारित आवृत्तीत त्यातल्या व्हिस्टानी या भटक्या लोकांचं चित्रण बदलावं लागलं, कारण त्यात रोमा समाजाबद्दलचे जुने पूर्वग्रह उतरले होते. भर घालताना असे पूर्वग्रह आपल्याही हातून उतरू शकतात. म्हणून गावगुंड किंवा जादूटोणा करणारा रंगवताना जात, धर्म, बोली यांचं आयतं सोंग वापरू नये.

प्रकाशकांनीही या गरजेची दखल घेतली आहे. 2022 च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल'मध्ये तेरा साहसं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी त्या प्रदेशाची माहिती स्वतंत्र जोडली आहे. त्यातलं मणिवर्षाचं साहस मिमी मंडल यांनी लिहिलं आहे. त्यांनी रचलेल्या शंखभूमीत बंगालच्या नद्यांचा ओलावा आहे. ही पाठची पानं वाचली की डीएमला भर घालण्याचा पाया मिळतो आणि लेखिकेची दिशाही कळते. असं काम मराठीत का होऊ नये?

म्हणून या परिषदेकडे एक मागणी आहे. चालवलेल्या साहसांत घातलेली भर आज वहीत किंवा फोनमध्ये पडून राहते आणि कॅम्पेन संपलं की हरवते. ती मराठीत, नीट लिहून काढा: कोणत्या साहसाच्या कोणत्या जागी काय जोडलं, ते कुठून घेतलं, खेळाडूंनी त्याचं काय केलं. मूळ पुस्तकातला मजकूर उतरवू नका, आपलं तेवढंच लिहा. दोन-दोन पानांचे असे टिपणसंच पुढच्या अधिवेशनात वाचले जावेत आणि त्यांच्यासाठी एक सत्र राखून ठेवावं.