शेजारधर्म आणि दोन पिढ्या



मे 2020 मध्ये टाळेबंदीच्या आदेशात 65 वर्षांवरील वृद्ध आणि 10 वर्षांखालील मुले, दोघांनाही घरातच राहण्यास सांगितले गेले. एरवी ही दोन टोके. साथीने त्यांना एकाच बाजूला बसविले.

आपल्या कऱ्हाटी भागातील एका वस्तीत एकट्या राहणाऱ्या आजी आणि शेजारचा तिसरीतला मुलगा यांचे मुळीच पटत नसे. पत्र्यावर चेंडू पडला की आजी तो परत देत नसत. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर शाळकरी मुलांसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. मुलाच्या घरी टीव्ही नव्हता, मोबाईल वडील कामावर नेत. आजींनी स्वतःहून हाक मारली. तो उंबऱ्याबाहेर बसे, आजी आत भिंतीशी. गोळ्यांचे पाकीट तेवढे उंबऱ्यावर ठेवले जाई; तो नाव आणि तारीख वाचून दाखवी.

मग आजी 1972 च्या दुष्काळाचे सांगत. खडी फोडणाऱ्या बाया, तांबडी मिलो, सुकडी. "तवा कामावर समदी एका जागी असायची. आता माणूस माणसाला भितंय," असे त्या म्हणत. क्रमिक पुस्तकात हे त्याला कुठे मिळाले असते?

डिसेंबर 2021 मध्ये ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले. मुले शाळेत परतली. वृद्धांना परतायला तशी जागा कुठे होती? याची चर्चा फारशी झाली नाही, हे मला खटकते. तो मुलगा आता हायस्कूलात आहे. आजींच्या औषधांची चिठ्ठी मात्र अजून त्याच्याच दप्तरात असते.