लेकीने सांगितले तर



आपल्या गावची किती माणसे मुंबईला आहेत ते मोजून पाहा. कुणाचा मुलगा घाटकोपरला, कुणाचा दीर मुलुंडला, कुणाची बहीण बोरिवलीला. त्यांची पोरेबाळे तिकडेच वाढतात, शिकतात. वयात आलेल्या मुलामुलींची ओळख होते, एखाद्याचे मन जडते. ते वयच तसे असते. त्यात पाप नाही. पण प्रेमाचे नाव सांगून कुणी जाच करू लागला, तर ती गोष्ट निराळी. आज आपण तिच्याविषयी बोलू.

हा जाच ओळखावा कसा? मुलगा म्हणतो, "मला विचारल्याशिवाय कुठे जायचं नाही. मोबाईल दाखव. अमकीशी बोलू नकोस." भांडणात हात उगारतो. मग माफी मागतो, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. "मला सोडलंस तर जीव देईन," "तुझे फोटो सगळ्यांना पाठवीन," अशी भीती घालतो. मुलीला वाटते, ही मायाच आहे. मंडळी, गुरावर मालकी असते. माणसावर नसते.

मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला काय घडले, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. रिंकू पाटील ही मुलगी दहावीच्या परीक्षेला बसली होती. तिने ज्याला नकार दिला होता, तो साथीदार घेऊन परीक्षेच्या वर्गात शिरला. त्याने तिला पेटवून दिले. लोक अशा गोष्टीला 'एकतर्फी प्रेम' म्हणतात. आम्ही विचारतो, यात प्रेम कुठे आहे? हा तर सूड झाला.

एवढ्या टोकाला गोष्ट क्वचित जाते. पण रोजचा धाकही मनाला वाळवीसारखा पोखरतो. मुलीचे जेवणावर मन नसते. झोप लागत नाही. फोन वाजला की ती दचकते. कधी जीव द्यावा असेही तिच्या मनात येते. आपण म्हणतो, नजर लागली. पण हे मनाचे दुखणे आहे, आणि उपचाराने ते बरे होते. मुलग्यांनाही असा जाच होतो. ते लाजेने बोलत नाहीत.

मुली घरी का सांगत नाहीत? घरचे उत्तर त्यांना ठाऊक असते. "तुझंच काहीतरी चुकलं असेल. उद्यापासून शाळा बंद." नाहीतर घाईने लग्न. म्हणजे गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसरीला! छळणाऱ्याला हे पक्के माहीत असते. म्हणूनच त्याचे फावते.

तेव्हा लेकीने सांगितले, तर आधी सगळे ऐकून घ्या. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढे म्हणा. तिची शाळा सोडवू नका. त्याने पाठवलेले निरोप पुसू नका, तो पुरावा आहे. मुलीचा पाठलाग करणे हा गुन्हा आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलामुलींचा लैंगिक छळ झाला, तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. मुंबईला वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' नावाचे केंद्र आहे. महापालिका आणि 'सेहत' संस्था यांनी ते या शतकाच्या सुरुवातीला काढले. पुढे घाटकोपरच्या राजावाडीसारख्या रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. पीडित बायामुलींना तिथे धीर आणि सल्ला मिळतो. पैसे पडत नाहीत.

आणि आपले मुलगे? बहिणीवर हुकूम चालवणारा, मागेल ते मिळालेला मुलगा उद्या परक्या मुलीचा नकार कसा पचवील? बापाने आईवर उगारलेला हातही तो पाहत असतो. नकार ऐकण्याची सवय घरातच लागायला हवी.

आता आपल्याला लिहिता-वाचता येते. तर आज एक काम करा. घरच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने हे तीन आकडे लिहा. पोलीस ११२. मुलांच्या मदतीसाठी १०९८. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६. मग लेकीला जवळ बोलावून ते वाचून दाखवा. घरात आपले ऐकणारे कुणी आहे, हे तिला तेव्हाच कळेल.