शीग धान्याची, पातळी तेलाची

घन पदार्थाला स्वतःचा आकार असतो आणि ठरावीक आकारमानही. द्रवाचे आकारमान ठरावीक असते, आकार मात्र ज्या भांड्यात तो ओतला जाईल त्याचा. शालेय पुस्तकात हा विषय या दोन वाक्यांत आटोपतो. पण नीट तपासले तर आकारमानाच्या बाबतीत घन आणि द्रव यांच्यात फारसे अंतर नाही. खरा भेद आकाराचा आहे, आणि तोसुद्धा किती काळ वाट पाहायची यावर ठरतो.

वाळू, तांदूळ, साखर हेही भांड्याचा आकार घेतात. तरी त्यांना द्रव म्हणत नाहीत, कारण पायलीने धान्य मोजताना वर शीग चढवता येते. तेलाच्या मापावर शीग चढत नाही. धान्याचा प्रत्येक दाणा घन असतो आणि दाण्यादाण्यांतले घर्षण ढीग तोलून धरते. कोरड्या वाळूचा उतार साधारण 30 ते 35 अंशांवर थांबतो, तर द्रवाचा उतार शून्यावर आल्याखेरीज थांबत नाही. माप ठोकले की धान्य खाली बसते. तेव्हा दाण्यांचे आकारमान घटत नाही, दाण्यांमधली पोकळी घटते.

आकारमान टिकते ते रेणू एकमेकांना खेटून असल्यामुळे. पाण्याची वाफ झाली की ती नेहमीच्या हवेच्या दाबाखाली सुमारे 1,600 पट जागा व्यापते. घन वितळून द्रव होताना मात्र बदल काही टक्क्यांचाच असतो. तांबे वितळताना 4 ते 5 टक्क्यांनी फुगते. बर्फाचे उलट आहे: पाणी गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगते, कारण बर्फाच्या स्फटिकात रेणू मोकळ्या, पोकळ्या राखणाऱ्या रचनेत बसतात. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो आणि थंड प्रदेशात नळ फुटतात.

पाणी दाबले जातच नाही, असे पुष्कळ काळ मानले जाई. 1762 मध्ये जॉन कँटन या इंग्रज शिक्षकाने ते किंचित दाबले जाते हे दाखवून दिले. एका वातावरणाइतका दाब वाढवला तर आकारमान दशलक्ष भागांत जेमतेम 46 ते 50 भागांनी कमी होते. समुद्रात 4 किलोमीटर खोलीवर, जिथे दाब सुमारे 400 वातावरणांइतका असतो, तिथेही ही घट 2 टक्क्यांच्या आतच राहते. पोलाद पाण्याच्या साधारण सत्तरपट कठीणपणे दाबले जाते. यावरून दाबाला दिलेला विरोध हेच घनाचे लक्षण मानावे असे वाटेल, पण पारा ते होऊ देत नाही. द्रव असूनही तो बर्फापेक्षा जास्त कठीणपणे दाबला जातो.

उष्णतेने होणारा फुगवटा मात्र द्रवांत बराच मोठा असतो. एक अंश सेल्सिअस वाढीला पेट्रोल सुमारे 0.095 टक्के फुगते, पोलाद 0.0036 टक्के. 12,000 लिटर पेट्रोल 10 अंशांनी तापले तर ते सुमारे 115 लिटरने वाढते. टँकर काठोकाठ भरत नाहीत ते यासाठीच. पेट्रोलची घनता 15 अंशांच्या तापमानाला रूपांतरित करून तपासण्याची पद्धतही यातूनच आली.

आता आकार. घनात प्रत्येक अणू किंवा रेणू आपल्या जागेभोवती कंप पावतो, पण जागा सोडत नाही. पदार्थाचा वरचा थर खालच्या थरावरून सरकवू पाहिला तर घन तो ताण सहन करतो, आणि ताण फार नसेल तर जोर काढताच पूर्ववत होतो. द्रवातले रेणू तितकेच दाटीवाटीने असले तरी शेजारी बदलत राहतात. स्थिर द्रव असा आडवा ताण मुळीच धरू शकत नाही. जरासा जोर लागला की वाहू लागतो. भांड्याचा आकार घेणे हा याचाच परिणाम.

तरीही द्रवाला अजिबात आकार नसतो हे म्हणणे पूर्ण खरे नाही. पृष्ठताण त्याचा पृष्ठभाग लहानात लहान करू पाहतो, आणि ठरावीक आकारमानाला सर्वांत लहान पृष्ठभाग गोलाचा असतो. पाण्याच्या बाबतीत दोन-तीन मिलिमीटरच्या आत पृष्ठताणाची सरशी होते, त्याहून मोठ्या पसाऱ्यात गुरुत्वाकर्षणाची. पावसाचे छोटे थेंब म्हणूनच गोल असतात, मोठे खालून चपटे होतात. 19व्या शतकात बेल्जियमच्या जोझेफ प्लॅटो यांनी पाणी आणि अल्कोहोल यांच्या, तेलाइतकीच घनता असलेल्या मिश्रणात तेल सोडले. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम असा बाजूला सारताच तेलाचा मोठा गोळा आपोआप गोल होऊन तरंगत राहिला.

उरला काळाचा प्रश्न. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी 1927 मध्ये डांबरासारखे पिच तापवून काचेच्या नरसाळ्यात ओतले, तीन वर्षे ते बसू दिले आणि 1930 मध्ये नरसाळ्याचे तोंड कापले. हातोड्याने ठोकल्यास हे पिच काचेसारखे फुटते. तरी ते गळते: पहिला थेंब 1938 मध्ये पडला, नववा 2014 मध्ये सुटला. पाण्याच्या सुमारे 230 अब्जपट घट्ट असा हा द्रव आहे. रेणूंना जागा बदलायला जितका वेळ लागतो त्याहून झटपट आघात केला तर द्रवही घनासारखा वागतो.

उलट बाजूने, स्फटिकमय बर्फ निःसंशय घन आहे, तरी स्वतःच्या वजनाखाली हिमनद्या दरीतून सरकत राहतात. स्फटिकांतले दोष हळूहळू हलतात आणि आकार बदलतो. काचेबद्दल मात्र एक समजूत खोटी आहे. युरोपातल्या जुन्या चर्चांच्या खिडक्यांच्या काचा खालच्या बाजूला जाड असतात, म्हणून काच शतकानुशतके वाहते, असे सांगितले जाते. नेहमीच्या तापमानाला काच डोळ्यांना दिसेल इतकी वाहायला विश्वाच्या वयाहूनही जास्त काळ लागेल. त्या काचा मुळातच असमान जाडीच्या बनत. बसवणारा कारागीर जाड कड बहुधा खाली ठेवी, आणि काही खिडक्यांत ती वर किंवा बाजूलाही आढळते.