संगणकाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

दुकानाची जागा भाड्याने घेताना माणूस दहा प्रश्न विचारतो. कुलूप कोणाचे, दुसरी किल्ली कोणाकडे, मालक आत केव्हा येऊ शकतो, हे आधी ठरवून घेतो. त्याच दुकानातील संगणक मात्र विक्रेत्याने जी ऑपरेटिंग सिस्टीम घालून दिली, तिच्यासह निमूटपणे स्वीकारला जातो. वस्तुतः व्यवसायाचा प्रत्येक कागद या प्रणालीच्या नजरेखालून जातो. तेव्हा दुसऱ्या किल्लीचा प्रश्न येथेही विचारला पाहिजे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी हा प्रश्न अनेकांच्या दारात येऊन उभा राहिला. २०१५ साली आलेल्या विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. त्यामुळे उत्तम चालणारे अनेक जुने संगणक अपात्र ठरले. नवा संगणक घ्यावा, की जुन्यावरच लिनक्स घालावे, असा पेच पडला.

विंडोजच्या होम व प्रो या आवृत्त्या संगणकाच्या स्थितीची काही माहिती कंपनीकडे पाठवतात आणि हा प्रवाह वापरणाऱ्याला पूर्णतः बंद करता येत नाही. विंडोज १० मधील अशा माहिती-संकलनाने देशाच्या कायद्याचा भंग होतो, असा निष्कर्ष नेदरलँड्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०१७ साली काढला होता. २०२४ मध्ये पडद्याची छायाचित्रे सतत टिपून ठेवणारी ‘रिकॉल’ ही सोय जाहीर झाली. टीका होताच कंपनीने ती लांबणीवर टाकली आणि वापरणाऱ्याने संमती दिल्यासच चालू होईल, अशी केली. ॲपलची मॅकओएसही सर्वस्वी अपवाद नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीचा एक सर्व्हर मंदावला आणि अनेक मॅकवर प्रोग्राम उघडेनासे झाले. कारण विकसकाच्या प्रमाणपत्राची विचारणा त्या सर्व्हरकडे होत असे.

लिनक्सचा प्रारंभ लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली केला. त्याची मूळ संहिता कोणालाही तपासता येते, हे त्याचे बळ. आपल्याकडे सी-डॅकने त्याच पायावर ‘बॉस’ ही प्रणाली उभी केली. परंतु मुक्त म्हणजे आपोआप निर्धोक, असे नव्हे. २०१२ साली उबुंटूने संगणकावरील शोधाचे शब्द स्वतःच्या सर्व्हरकडे पाठवण्यास आरंभ केला होता. वापरणाऱ्यांनी आवाज उठवल्यावर २०१६ च्या आवृत्तीत ही सोय मूळ स्थितीत बंद ठेवण्यात आली.

शिवाय कामाची अडचण असते. टॅली विंडोजसाठी आहे. मराठी मुद्रणालयांचे जुने काम श्रीलिपीसारख्या विंडोजवरील साधनांत साठलेले आहे. एका रात्रीत प्रणाली बदलणाऱ्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी अडतो. म्युनिक महापालिकेने सुमारे १५ हजार संगणक परिश्रमपूर्वक लिनक्सवर आणले. २०१७ साली विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने मात्र आधी कार्यालयीन प्रोग्राम, नंतर ब्राउझर आणि माणसे रुळल्यावर २००८ पासून प्रणाली बदलली. तो बदल टिकला.

यातून मार्ग निघतो. प्रथम कामांची यादी करावी. ज्यांच्यावाचून धंदा थांबेल अशा प्रोग्रामांसाठी एक विंडोज संगणक ठेवावा. त्यातील ऐच्छिक माहिती पाठवण्याची बटणे बंद करावीत. पत्रव्यवहार व लेखन यांसाठी जुन्या संगणकावर महिनाभर लिनक्स वापरून पाहावे. डिस्क कुलूपबंद करावी आणि तिची सुटका-किल्ली कोठे साठते, हे पाहावे. विंडोजमध्ये ती पुष्कळदा कंपनीच्या खात्यावर जाते. पासवर्ड विसरणाऱ्याला तो आधार वाटतो. पण दुसरी किल्ली म्हणतात ती हीच.

‘लपवण्यासारखे काही नाही’ असे म्हणणारा स्वतःपुरते बोलतो. डॉक्टरच्या संगणकात रुग्णांचे आजार असतात, कर सल्लागाराच्या संगणकात अशिलांचे उत्पन्न असते. संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहिती-संरक्षणाचा कायदा केला, त्याच्या मुळाशी हीच जाणीव आहे. ज्याने विश्वासाने माहिती दिली, त्याने ती एका माणसाला दिलेली असते. तिची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे विचारले गेल्यास त्या माणसाला सांगता आले पाहिजे.